निम्म्याच्या वर पॅकिंग

“साखर संपलीया का घरातली, का माझ्यापुरतीच कुलपात ठेवलीस?”

कुरकुर अगदी शालनच्या कानाशी झाली. ती वाकून नवऱ्याच्या गळ्याशी टॉवेल खोचत होती, आणि आवाज गळ्यावरच्या पट्ट्यातूनच यायचा. घोगरा, शेवटाला जरा वर चढणारा आवाज. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ऐकलेली तक्रार. तिनं सवयीनं उत्तर दिलं, “दोन चमचे घातलोय. आणखी घातलो तर डॉक्टर मलाच आत टाकतील.”

“टाकू देत. तिथं तरी कुणीतरी तुला चहा करायला शिकवंल.”

ती हसली. हसता हसता तिचं लक्ष कपाकडं गेलं. कप तिच्याच हातात होता, काठोकाठ भरलेला. सर्जेरावांच्या ओठाला तो अजून लागलाच नव्हता.

हे आजच घडलं असंही नाही. पण दिसलेलं न दिसल्यासारखं करायचं बाईमाणसाला कुणी शिकवावं लागत नाही. शालननं कप ओठाला लावला, सर्जेरावांनी घोट घेतला, निम्मा टॉवेलावर सांडला. त्यांचे डोळे खिडकीतून समोरच्या पत्र्यावर लागले होते. पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि पट्टा म्हणाला, “आता कसं, बरा झालाय.”

सर्जेराव लोहार कोण, हे आठवीच्या कुठल्याही पोराला विचारा. ‘थोर संशोधक’ असा धडाच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर हात काळे करत मोठा झालेला मुलगा. शाळा नववीत सुटली. विशीत गुऱ्हाळाच्या काहिलीवरची मळी आपोआप काढणारा झारा बनवला आणि गुळव्यांच्या हातांचे भाजण्याचे फोड थांबवले. मग पन्नाशीला आल्यावर घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढलं. धड्यात पुढं म्हटलंय, ‘मूक झालेल्या लाखो बांधवांच्या वेदनेने व्याकूळ होऊन त्यांनी कंठीचा शोध लावला.’

शालनला हे वाक्य वाचलं की ठसका लागायचा. व्याकूळ कुठले. ऑपरेशननंतर त्यांना लेथवरच्या पोरांना शिव्या देता येईनात, हे खरं दुःख होतं. पाना आपटून, टाळ्या वाजवून, पाटीवर लिहून बघितलं; शिवी लिहून दिली की तिच्यात दम राहत नाही. त्या चिडीतून कंठी निघाली. धड्यात कंठीचा पहिला शब्द ‘नमस्कार’ असा छापलाय. शालन तिथंच उभी होती. पहिला शब्द होता, “अरं ए बैला, पाणी सोड जॉबवर!” थोर माणसांच्या चरित्रात जोडकाम फार असतं, एवढं तिनं तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

कंठीची गंमत समजायला सोपी आहे. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू जिभेला, जबड्याला, मानेच्या स्नायूंना हुकूम सोडतो. हा हुकूम म्हणजे विजेची बारीकशी झिणझिण. स्वरयंत्र काढलेलं असलं तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत, मालक गेल्यावरही गेटवरचा वॉचमन सलाम ठोकत राहतो तसे. हनुवटीखालून मानेपर्यंत जाणाऱ्या कंठीच्या पट्ट्यात केसाहून बारीक तारा असतात. त्या ही झिणझिण टिपतात, आणि कुठला अक्षर-आवाज काढायचा होता ते ओळखून माणसाच्याच जुन्या आवाजात तो काढतात.

अडचण एवढीच की झिणझिण तुटक येते. दहा अक्षरांतली चार गळतात. मग सर्जेरावांनी लेथवरचा उपाय केला. शाफ्ट झिजून बेअरिंगमध्ये खुळखुळायला लागला की कारागीर फटीत पातळ पत्रा सारतात, त्याला पॅकिंग म्हणतात. कंठीला त्या माणसाचं आधीचं सगळं बोलणं ऐकवायचं: फोन, लग्नाचे व्हिडिओ, भाषणं, भांडणं. मग हा माणूस ‘साखर’ म्हणाला की पुढं काय म्हणतो हे तिला कळतं, आणि गळलेल्या जागी ती स्वतः पत्रा सारते. आधी अक्षराचा सारायची, मग शब्दाचा सारायला लागली.

सर्जेराव हुशार होते तसे भित्रेही होते, स्वतःच्या हुशारीला भिणारे. त्यांनी कंठीत एक कुलूप बसवलं. बोलण्यात माणसाचा वाटा निम्म्याच्या खाली गेला, तर कंठीनं गप्प बसायचं. कारखान्यातही त्यांचा हाच नियम. कुणी जुनं मशीन घेऊन आलं की उघडून बघायचे आणि म्हणायचे, “निम्म्याच्या वर पॅकिंग गेलं की ते मशीन राहत न्हाई. बंद करायचं. आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं.” तोंडावर सांगण्यापायी किती गिऱ्हाइकं तुटली ते शालनला ठाऊक.

कंठीचे हक्क पुण्याच्या एका कंपनीला देताना त्यांनी एकच अट घातली. हे कुलूप फक्त त्यांच्या परवानगीनं निघेल, आणि ती परवानगी तोंडी हवी, चारचौघांत. वकील म्हणाला, लेखी घेऊ. हे म्हणाले, “सही कुणीबी मारतंय. माझ्या तोंडचा शब्द माझाच असतोय.”

एवढा मोठा संशोधक, आणि त्याला आपल्याच गळ्यातला पट्टा दिसला नाही.

*

दोन वर्षांमागं, दसऱ्याच्याच आसपास, सर्जेरावांच्या मेंदूत गुठळी झाली. मग एकामागून एक छोटे झटके. दवाखान्यात कंठी गप्प पडली, दिवा तांबडा. शालन उशाशी बसून म्हणत राहिली, “काहीतरी बोला की ओ.” लेकाला ते बघवलं नाही. धैर्यशील त्याच कंपनीत संचालक होता. त्यानं तिथल्या इंजिनिअरांना बोलावून वडिलांच्या, त्याच्या आबांच्या, एकट्याच्या कंठीचं कुलूप काढलं. तेवढ्यापुरतं, म्हणाला.

दिवा हिरवा झाला आणि सर्जेराव बोलले, “काय रडालाईस गं? मी काय मेलोय का?”

त्या दिवशी शालननं अंबाबाईला नारळ फोडला. त्यापुढं तिनं काही विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर नंतरचं त्यांचं बोलणं आधीपेक्षा गोड होतं. कंठी भाषणांवरही शिकली होती आणि घरातल्या कुरकुरीवरही. स्टेजवरचा मोकळा सर्जेराव आता घरातही यायला लागला. “बस की जरा माझ्याजवळ,” असं ते म्हणायचे. संसाराच्या ऐन दिवसांत ज्याला हे वाक्य कधी सुचलं नाही तो माणूस आता ती भाजी निवडत असली की हाक मारून तिला जवळ बसवून घ्यायचा. शालन बसायची. ती पट्ट्याकडं बघून बोलायची, घरात सगळेच तसं बोलायचे. पट्टा बोलतो तेव्हा दिवा लुकलुकतो, म्हणून नजर तिथंच जाते.

चेहऱ्याकडं बघायची गरज कुणाला पडली नव्हती.

*

अष्टमीच्या दुपारी धैर्यशील आणि कंपनीच्या प्रमुख देवयानी बर्वे पुण्याहून आले. बर्वेबाई चांगल्या होत्या, अगदी मनापासून चांगल्या. येताना चितळ्यांचा खाऊ आणि शालनसाठी मऊ सुती साडी घेऊन आल्या.

“काकू, परवा दसऱ्याला सगळं इथंच करायचं, सरांच्या कारखान्यासमोर,” त्या म्हणाल्या. “आरोग्य खात्याची समिती येतेय. मी सरांना विचारायचं, सरांनी हो म्हणायचं, झालं. पुढच्या महिन्यापासून बिनकुलपाची कंठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात. पक्षाघाताचे, विस्मृतीचे पेशंट, जे आज नुसते पडून आहेत ते सगळे बोलतील. आणि कंठीतून दिलेली संमती आता कोर्टातही चालते, त्यामुळे त्यांचे निर्णय त्यांनाच घेता येतील.”

“त्यांचं त्यांनाच,” शालन म्हणाली.

“अगदी!” बर्वेबाई पट्ट्याकडं वळल्या. “सर, एकदा तालीम करूया? मर्यादा उठवायला आपली संमती आहे ना?”

सर्जेरावांची नजर छताच्या पंख्यावर होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती. दिवा लुकलुकला. “कुणाचं भलं होत असंल तर मी आडवा कशाला येऊ?”

“वा!” बर्वेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

शालननं लाळ पुसली. पुसताना जबड्याला हात लागला तसं सर्जेरावांनी डोकं मागं ओढलं. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि तोटा झाला तर ओ?”

“नवं काम म्हटलं की थोडं तेल सांडतंयच.”

बर्वेबाई हसल्या, धैर्यशील हसला. शालन मात्र हसली नाही. खऱ्या सर्जेरावांना असल्या प्रश्नाचं उत्तर लगेच कधी सुचलं नव्हतं. ते उठून बाहेर जायचे, लेथभोवती घिरट्या घालायचे, जेवताना घास हातात धरून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी, ती विसरून गेल्यावर, म्हणायचे, “काल तू जे इचारलीस न्हवं...”

निघताना धैर्यशील तिला बाजूला घेऊन म्हणाला, “आई, उद्या खंडेनवमीला कंठी काढू नकोस. परत जुळवायला वेळ लागतो. परवा घोटाळा नको.”

“नेम हाय त्यांचा.”

“गेल्या वर्षी कुठं पाळला?”

“गेल्या वर्षी ते झटका येऊन परत दवाखान्यात होते. औंदा घरात हाईत.”

“आई, तू पण ना...” त्यानं वाक्य सोडून दिलं. दोन वर्षांत या घरात सोडून दिलेल्या वाक्यांचा ढीग झाला होता.

*

उद्यमनगरात खंडेनवमीला एकही चाक फिरत नाही. आदल्या दिवशी मशीनं रॉकेलनं पुसून काढायची, सकाळी गंध, झेंडूचे हार, दोन्ही बाजूंना ऊस. पाने, मोजपट्ट्या, ड्रिल अशी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विसावा. सर्जेराव कंठी आल्यापासून तीही पाटावर ठेवायचे. तो एक दिवस ते मुके राहायचे. पाटीवर लिहायचे, ‘तिलाबी सुट्टी.’ शालन मनात म्हणायची, मलापण.

खालच्या कारखान्यात आता काम चालत नसे. जुना लेथ तेवढा होता, आणि शाळांच्या सहली येत. शालननं सर्जेरावांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. पूजा मांडली. मग त्यांच्या मागं उभी राहून पट्ट्याची कडी शोधली.

“काय करालाईस?” पट्टा म्हणाला.

“नवमी हाय ओ.”

“मग काढ की. तिलाबी सुट्टी.”

तिचे हात थांबले. इतकं त्यांच्यासारखं होतं ते. मग तिनं कडी सोडली. दिवा विझला.

आधी तिला वाटलं, ते तोंड हलवतील, खुणा करतील, हात पुढं करून पट्टा मागतील. माणसाचा आवाज काढून घेतलाय. काहीतरी तर करेलच. ती समोर खुर्ची ओढून बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर, दिव्याच्या मध्यस्थीशिवाय.

सर्जेरावांनी काहीही मागितलं नाही. पट्टा गेला हे त्यांच्या गावीही नव्हतं. नजर हारावर आली, तिथून सुटली, तिच्यावरून फिरली. एखाद्या भिंतीवरून फिरावी तशी. शालन म्हणाली, “अहो.” पुन्हा म्हणाली, “अहो, मी हाय.” तिला स्वतःचाच आवाज त्या रिकाम्या कारखान्यात मोठा वाटला.

मग तिनं चेहरा बघायला सुरुवात केली, नीट, लेथवरून उतरलेला जॉब तपासावा तसा. आणि तिला दिसलं, डावा गाल उजव्यापेक्षा भरलेला आहे. कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये आठी, कोरल्यासारखी. ही आठी पूर्वी नव्हती. तिनं बोटानं गालाला स्पर्श केला. सर्जेराव कळवळले. आवाजच नव्हता त्या कळवळण्याला. ऑपरेशनमध्ये श्वासासाठी पाडलेल्या गळ्याच्या भोकातून फक्त हवा सुटली, फस्स. हात उचलायला गेले, तो निम्म्यावर आला आणि पडला. डोळ्यांतून पाणी आलं.

तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड उघडलं. वास आला. आत, मागच्या दाढेचा तुकडा पडून तिची धार गालात रुतली होती, आणि गालाला भोक पडायचंच बाकी होतं.

कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी सणाचा दिवस असून दार उघडलं. दाढ काढली, जखम धुतली, टाके घातले. मुकाट्यानं सगळं करून शेवटी म्हणाल्या, “काकू, हे चार दिवसांचं नाहीये. दीड-दोन महिने हा माणूस घास चावताना मरत असेल. काही बोलले नाहीत?”

“बोलतात की,” शालन म्हणाली. “दिवसभर बोलतात.”

घरी येताना खुर्ची ढकलता ढकलता तिला सगळं आठवत गेलं. भाकरी बाजूला सारली त्या दिवशी पट्टा म्हणाला होता, “कडक झालीया गं, भाकरी का कौल?” तिनं दूध घालून कुस्करून दिली. भात थुंकला तेव्हा, “मीठ पडलंच न्हाई काय?” तिनं मीठ वाढवलं, आणि ते मीठ त्या जखमेवर... ती रस्त्यातच थांबली.

सर्जेराव जन्मात कधी ‘दुखतंय’ म्हणाले नव्हते. लेथवर बोटाचं पेर तुटलं तेव्हा म्हणाले होते, “काय न्हाई, जरा घासलंय.” कॅन्सर कळल्यावर म्हणाले, “काय धाड भरलीया मला?” तक्रार केली ती चहाची, मिठाची, भाकरीची. कंठी तेच शिकली. इमानी नोकरासारखी, मालकानं शिकवलं त्याच्या बाहेर एक अक्षर बोलली नाही. आत माणूस जळत होता आणि ती साखर मागत होती.

*

संध्याकाळी धैर्यशील आला. तिनं त्याला टाके दाखवले. तो बघून गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, “दाताचा एक सेन्सर लावता येईल पुढच्या मॉडेलला.”

“धैर्या.”

“सूज कळण्यासाठी म्हणतोय मी.”

“धैर्या, माझ्याकडं बघ.”

त्यानं बघितलं नाही. “गाडीत बसलो की पहिला फोन आबांना लावतो मी,” तो म्हणाला. “‘जेवलास का रं’ म्हणून विचारतात. आधी कधी विचारायचे? खरं सांग.”

“न्हाई.”

“मग?” त्याचा आवाज चिरला. “मग काय बिघडलं? मला विचारू दे की त्यांना. तुलापण हाक मारतात न्हवं? उद्या तू तिथं काही बोललीस तर समिती आबांची कंठीसुद्धा कुलूपबंद करेल. कायमची. मग ह्या घरात कोण बोलणार हाय, आई? तू आणि मी?”

त्याचं खोटं नव्हतं. एक वाक्य उच्चारायचा अवकाश, आणि ‘बस की जरा माझ्याजवळ’ संपलं. ते वाक्य तिनं आयुष्यभर वाट बघून मिळवलं होतं. कुणाकडून मिळालं, हा हिशेब तिनं मुद्दाम केला नव्हता.

“आणि बाकीची?” तिनं शेवटी विचारलं. “जिल्ह्या-जिल्ह्याची? त्यांच्या बायका पट्ट्याकडंच बघत बसणार न्हवं?”

लेकानं गाडीची किल्ली उचलली. जाताना वाकून वडिलांच्या पाया पडला. सर्जेरावांचे पाय थंड होते. त्यानं ते जरा वेळ हातात धरून ठेवले.

*

दसऱ्याच्या सकाळी तंत्रज्ञ आला, पूजेतली कंठी उचलून सर्जेरावांच्या गळ्यात बसवली. सूज होती म्हणून एक कडी सैल ठेवली. शालननं त्याला अडवलं नाही. अडवायचं ठरवलं होतं. पण दिवा हिरवा झाला आणि पट्टा म्हणाला, “शालन, कुठं होतीस गं एवढा वेळ?” स्टूल ओढून ती त्यांच्याजवळ बसली.

कारखान्यासमोर मांडव. उद्यमनगरातले जुने कारागीर, कॉलेजची पोरं, पहिल्या रांगेत समिती, तिच्या मागं कंठीवाले; जयसिंगपूरच्या एक शिक्षिका, एक कंडक्टर, एक कीर्तनकार. खरी कंठी, निम्म्याच्या आत पॅकिंग असलेली. ती माणसं आपसांत थट्टा करत होती, एकमेकांना आपट्याची पानं देत होती. सर्जेरावांनी त्यांना आवाज दिला होता, यात काही खोटं नव्हतं. शालनला ते बघून भरून आलं. तिचा नवरा खरंच मोठा माणूस होता.

बर्वेबाई छान बोलल्या. झाऱ्यापासून कंठीपर्यंत सगळी चरित्रकथा सांगितली, ‘नमस्कार’सकट. मग खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून त्यांनी माइक पट्ट्यापाशी धरला.

“सर, कंठीची मर्यादा उठवायला आपली संमती आहे?”

“थांबा,” शालन म्हणाली.

ती खुर्चीच्या मागंच उभी होती. माइक जवळ होता, त्यामुळं तो शब्द मांडवभर झाला. बर्वेबाईंनी हसून मान वर केली. धैर्यशील अर्धा उठला.

“मला एक इचारायचंय ह्यांना. बायको हाय, एवढं चालतंय.” लोक हसले. शालन पुढं आली आणि खाली वाकली. पट्ट्याकडं न बघता तिनं सर्जेरावांच्या डोळ्यांत बघितलं. “अहो, दाढ दुखतीया का?”

दिवा लुकलुकला. “मला काय धाड भरलीया? ठणठणीत हाय मी.”

मांडवात टाळ्या पडल्या. सर्जेरावांचा डावा गाल लिंबाएवढा सुजलेला होता. टाक्यातून पाझरलेलं रक्त लाळेत मिसळून हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होतं. टाळ्या मागच्या रांगांतून सुरू झाल्या होत्या. पुढच्या रांगेतल्यांनी हात वर केले, आणि मग त्यांना दिसलं. टाळ्या विरत विरत थांबल्या.

लोकांना काय सांगायचं ते शालनला ठाऊक होतं, पण ओठावर येईना. तिनं पुन्हा नवऱ्यालाच विचारलं, कारखान्यातली पोरं विचारायची तसं.

“मालक, एक मशीन आलंय. निम्म्याच्या वर पॅकिंग गेलंय. काय करायचं?”

दिवा लुकलुकला. या प्रश्नाला एकच उत्तर होतं, चाळीस वर्षांचं, हजार वेळा ऐकलेलं, आणि कंठीला दुसरं कुठलं शिकवलेलंच नव्हतं.

“बंद करायचं,” सर्जेरावांचा आवाज म्हणाला. “आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं.”

बर्वेबाईंचा माइक धरलेला हात खाली आला. धैर्यशील उभा होता, तोंडावर दोन्ही हात धरून. त्यानं आईकडं बघितलं. या वेळी खरंच बघितलं, आणि मान अगदी थोडी हलवली.

शालननं नवऱ्याच्या मानेमागं हात घालून कडी सोडली. पट्टा तिच्या मुठीत आला, अंगाच्या उबेनं कोमट. हिरवा दिवा विझला. मग तिनं बर्वेबाईंच्या हातातून माइक घेतला, आणि समोरच्या सगळ्या माणसांना तोंडावर सांगितलं.

“हे बोलत न्हाईत. दोन दसरे झाले. हे एक शब्दबी बोललेले न्हाईत.”